पाय काढायचा नाही

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण त्यावर शाई खर्च करण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते आपल्या जेट बोटीविषयी, आणि खरे तर बोटीपेक्षा मीराविषयी. घरात विषय काढला की सगळे म्हणतात, "मग विकून टाका ती बोट." त्यांच्या लेखी प्रश्न तिथे मिटतो. तो तिथे मिटत नाही, हे तुलाच कळेल.

मीरा आता बोट उत्तम चालवते. तुझ्यापेक्षा तर नक्कीच, आणि हे मी तिच्यासमोर बोललेलो आहे. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल असते आणि आतल्या काठाला खडी साठते. गुळगुळीत पाण्याचा त्रिकोण प्रवाहाच्या दिशेने निमुळता होत गेला तर ती दोन दगडांमधली वाट, आणि त्याचे टोक वरच्या अंगाला असेल तर त्या टोकाशीच दगड दडलेला. हे सारे ती पाहताक्षणी ओळखते. मात्र उथळ टप्प्यातून ती आजवर प्रवाहाविरुद्ध वरच गेली होती, खाली येताना चाक माझ्याकडे असे. गेल्या आठवड्यात परतताना तिने चाक सोडले नाही आणि मीही मागितले नाही. खळाळ सुरू झाला, तळातले गोटे लख्ख दिसू लागले, आणि तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

पुढचे तुला सांगायला नको, तरी सांगतो. नाक खाली आले, मागचा भाग पाण्यात बसला, चाक हातात नुसते फिरू लागले, आणि प्रवाहाने बोट आडवी करून खडीवर नेऊन टेकवली. बोट ढकलणाऱ्या पंपाने तळाच्या जाळीतून पाण्याबरोबर खडी ओढली तो आवाज तुझ्या ओळखीचा आहे. कोणाला काही लागले नाही. इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या, कडा कानशीने घासून सरळ केल्या आणि त्याच्याभोवतीच्या कड्यावर पडलेले ओरखडे तसेच ठेवले.

तिने वेडेपणा केला असे मला मुळीच वाटत नाही. भीती वाटली की वेग कमी करावा, हे शहाण्या माणसाचे लक्षण, आणि ती लहानपणापासून शहाणी आहे. पंचाईत अशी की आपल्या बोटीला सुकाणू नाही. पंपाच्या मागच्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, मागे फेकलेला पाण्याचा झोतच डावीउजवीकडे वळतो, आणि झोत मंदावला की दिशाही गेली. वेगात पाण्यावर उचललेली असताना जी बोट वीतभर पाण्यातून निघून जाते, तिला थांबल्यावर त्याच्या दुपटीहून अधिक पाणी लागते. त्यात खाली येताना हिशेबच बदलतो. पाण्याच्या तुलनेत ताशी 40 किलोमीटरचा वेग आणि प्रवाह ताशी 10 चा असला, तर वर जाताना काठ 30 ने मागे सरतो आणि खाली येताना 50 ने. विचार करायला वेळ कमी मिळतो तो नेमका तिथेच.

मी तिला सांगितले की थांबायचेच असेल तर पाय न काढता बकेट, म्हणजे नोझलमागचे झाकण, खाली घ्यावी, की झोत पुढे वळतो, बोट थांबते आणि चाकही हाती राहते. तिने लगेच विचारले, "उथळात तोच झोत खडी उसळवून जाळीखाली आणणार नाही का?" आणणारच. म्हणजे डोहात बकेट खरी, खळाळात तीही नाही. तिथे जो काही निर्णय घ्यायचा तो शिरण्यापूर्वी, खोल पाण्यात असतानाच घ्यायचा, आणि शंका असेल तर आधी काठाने चालत जाऊन वाट पाहून यायची.

आता तू तुझ्या बोल्टचा जुना विषय काढशील. पेडलखाली बोल्ट बसवावा, म्हणजे पाय निघाला तरी चाकापुरता झोत राहील, हे तुझे म्हणणे. त्यावरून आपण बोट बांधताना, तिचा तळ उलटा पडलेला असताना, दोन दिवस अबोला धरला होता. चालक बाहेर फेकला गेला तर बोट एकटीच गरगरत राहील, या माझ्या हरकतीवर तू किल स्विचची दोरी दाखवलीस, चालक पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी. दोरी मान्य. पण काठाला लावतानाही तो पंप त्याच जोराने ओढत राहणार, त्याचे काय? दोर, कपडे, केस, जाळीला काहीही चालते. बाहेर पाती नाहीत म्हणून लोक निर्धास्त असतात, मी नसतो.

जेट बोट घडवणाऱ्या हॅमिल्टनचा दाखला या वेळी नको. नोझल तळाखालीच असावे म्हणून तू भांडलास, तेव्हाही "त्यानेही आधी खालीच ठेवले होते" असे ठणकावलेस, आणि त्याने ते पाण्याच्या पातळीच्या वर घेतले तेव्हाच बोट खरी पळाली, हे सोयीस्करपणे गाळलेस. एव्हरेस्टवीर हिलरीही नको. 1977 मध्ये त्यांच्या जेट बोटी गंगेतून नंदप्रयागच्या धबधब्यापर्यंत चढल्या, हे तुझ्याकडून ऐकून पाठ झाले आहे. पण तीही चढाईच होती, आणि माझा प्रश्न उतरण्याचा आहे.

मीराला आता मैत्रिणींना घेऊन, माझ्याशिवाय जायचे आहे. ती हट्ट करत नाही, त्यामुळे नाही म्हणणे अधिक अवघड जाते. तिने एवढेच विचारले की, "बाबा, भीती वाटली तर मी काय करायचे ते सांगा." पाय काढायचा नाही, हे सांगायला मला क्षणही लागला नाही. मग रात्रभर वाटत राहिले की रस्त्यावर, घाटात, सगळीकडे मी तिच्याबाबत निश्चिंत असतो तो तिच्या याच पायाच्या भरवशावर. आणि आता मीच तो मोडायला निघालो आहे. शिवाय ती हे शिकली की तिला अडवायला माझ्याजवळ कारणच उरणार नाही. हसू नकोस.

तुझ्या बदलीचे कळले, बरे झाले. सुहास पास झाला त्याबद्दल त्याला शाबासकी सांग. वहिनींच्या आईंची तब्येत कशी आहे तेही कळव.

बोल्टचे अजून ठरवलेले नाही. तू बसवणार होतास तो किती लांबीचा होता, आणि त्यावर इंजिनाचे फेरे किती राहतील असा तुझा अंदाज होता, ते सविस्तर लिही. शक्य असेल तर स्वतःच ये. तिच्या शेजारी तू बसून एकदा खाली ये, मी काठावरून पाहीन. पाणी अजून महिनाभर पुरेल.

तुझा,
अनंत