दोन्ही आकडे राहू देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

यंदा तासिका तत्त्वावरील नेमणुकांमध्ये तुमचे नाव नाही, हे विभागात गेल्यावर कळले. प्रमाणित झालेले जर्नल तुम्हाला दाखवावे, एवढ्यासाठीच मी गेले होते. समक्ष सांगायचे ते आता असे जाहीरपणे लिहीत आहे. तुम्ही काय केलेत ते इतरांनीही वाचावे आणि ज्यांना ते करता आले असते पण केले नाही, त्यांनी तर आवर्जून वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

जीवशास्त्राचे जर्नल म्हणजे सुवाच्य अक्षर, टोकदार पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या आणि मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेली निरीक्षणे, असेच आम्हाला अकरावीपासून शिकवले गेले होते. कोणत्या कॉलेजात, ते लिहीत नाही. लिहिले तरी बाकीच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांना ते आपलेच वाटेल. ऱ्हिओच्या पानाच्या सालीतील पेशींमधले जीवद्रव्य मिठाच्या द्रावणात आकसते, त्या प्रयोगात माझे रीडिंग पुस्तकाशी जुळेना, तेव्हा "रीडिंग बदला आणि पुढे चला" असे मला सांगण्यात आले. वर्षअखेरीस साऱ्या वर्गाची जर्नले एका दुपारी सही होऊन परत आली. त्यांतली काही पाने एकमेकांना चिकटलेली होती, ती तशीच चिकटलेली राहिली.

कांद्याच्या मुळाग्रातील पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक तुमच्याकडे आले. कपिलतीर्थ मार्केटमधून आणलेले कांदे, पाण्याच्या ग्लासवर ठेवून फुटलेली मुळे, अ‍ॅसिटोकार्मिन या रंजकाने लालसर झालेल्या बोटांची टोके, हे सगळे दरवर्षीचेच. बाकी कृती पुस्तकात आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही. चारशेपट वर्धनाखाली एका दृश्यक्षेत्रात मी २१२ पेशी मोजल्या. त्यांतील ९ विभाजनाच्या अवस्थेत दिसल्या, म्हणजे विभाजन निर्देशांक ४.२ टक्के आला. आमच्या बॅचमधील बहुतेकांचा आकडा याहून पुष्कळ मोठा होता आणि दशांशचिन्हापुढच्या अंकासकट एकसारखा होता.

त्यानंतर तुम्ही जे केलेत, त्यासाठी हे पत्र आहे. प्रात्यक्षिकाची वेळ संपली होती, प्रयोगशाळेतले मामा खिडक्या लावत होते आणि तुम्हाला मध्यवर्ती बसस्थानकावरून गडहिंग्लजची एसटी गाठायची होती. तुम्ही पर्स पुन्हा टेबलावर ठेवलीत, चष्मा काढलात, माझ्या स्टुलावर बसलात आणि तीच स्लाइड न हलवता तेच क्षेत्र पहिल्यापासून मोजलेत. ओठांतल्या ओठांत चाललेली ती मोजणी मला ऐकू येत होती. एकूण पेशी २१२ हे जुळले. विभाजित पेशी मात्र तुम्हाला ११ मिळाल्या. माझ्या ९ शेजारी तुम्ही पेन्सिलीने ११ लिहिलेत आणि म्हणालात, "दोन्ही राहू देत. फरक कुठे पडला ते चर्चेत लिहा."

फरक कुठे पडला हे शोधताना मला अहवाल म्हणजे काय ते उमगले. मेटाफेज आणि अ‍ॅनाफेज या विभाजनाच्या मधल्या अवस्था ओळखण्यात आपले एकमत होते, कारण मध्यरेषेवर आलेली किंवा दोन टोकांकडे ओढली जाणारी गुणसूत्रे सहसा चुकत नाहीत. ज्या दोन पेशींबद्दल मतभेद होता, त्यांचे केंद्रक नुकतेच दाणेदार दिसू लागले होते. मी त्या इंटरफेजमध्ये, म्हणजे विभाजन सुरू होण्याआधीच्या अवस्थेत धरल्या होत्या, तुम्ही प्रोफेजमध्ये, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या अवस्थेत. तेव्हा माझ्या चर्चेत पहिल्यांदाच स्वतःचे वाक्य आले: मोजणाऱ्याने सुरुवातीची प्रोफेज कोठून धरली, यावर निर्देशांक ४.२ किंवा ५.२ टक्के येतो. दोन्ही आकडे इतरांपेक्षा कमी का, याची एक शक्यताही मी नोंदवली. पेशीविभाजनाचे प्रमाण दिवसभर एकसारखे राहत नाही, म्हणून मुळे सकाळी कापण्याचा प्रघात आहे. आमची बॅच दुपारची असल्याने आमची मुळे दुपारी कापली गेली. त्यावर तुम्ही एवढेच विचारलेत, की कापण्याची वेळ कृतीत लिहिली आहे का, कारण तेथे ती नसेल तर वाचणाऱ्याला ही शक्यता तपासता कशी येईल?

पुढे तुमच्या अशा छोट्या प्रश्नांतूनच आमची जर्नले बदलत गेली. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात हे माहीत आहे म्हणून आकृतीत १६ काढायची नाहीत. एकमेकांवर पडलेली दिसली तर तशीच काढायची आणि वर्धन खाली लिहायचे. दिसले ते निरीक्षणात, वाटले ते चर्चेत. अ‍ॅलियम सेपा हे कांद्याचे शास्त्रीय नाव हाताने लिहिताना अधोरेखित करण्याबाबत तर तुम्ही इतक्या काटेकोर होता, की माझी मैत्रीण किराणा मालाच्या यादीतही कांद्याखाली रेघ ओढू लागली.

मॅडम, ज्यांना महिन्याचा पगार निश्चित होता, त्यांना आमचे पान उलटायला सवड नव्हती, आणि ज्यांचे मानधन तासावर मोजले जात होते, त्यांनी एका विद्यार्थिनीच्या ९ या आकड्यासाठी बिनहिशेबी वेळ दिला. याचा जाब कोणाला विचारावा, ते मला ठाऊक नाही. सभ्यता हा शब्द आपण बहुधा गोड बोलण्यासाठी वापरतो, आणि तुम्ही तर गोड बोलण्यात फारशा पुढे नव्हता. विद्यार्थिनीने पाहिलेलेही पाहिलेलेच असते, असे मानून स्वतः डोळा लावून बघणारी माणसे मात्र मला फार थोडी भेटली आहेत. ज्या विभागात तुम्ही जाल, तो नशीबवान असेल.

एक विनंती करते. या सत्रात माझा प्रकल्प रंकाळ्याच्या पाण्यातील विरघळलेल्या ऑक्सिजनवर आहे, विंकलर या रासायनिक मापनपद्धतीने. पाण्यातील वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणामुळे दिवसा ऑक्सिजन वाढतो आणि रात्री सर्वांच्या श्वसनामुळे तो उतरत जातो, म्हणून नमुना घेतल्याची वेळ आणि पाण्याचे तापमान मी प्रत्येक नोंदीपुढे लिहीत आहे. पहाटेचे आणि दुपारचे नमुने मिळून पहिला तक्ता तयार आहे. तुमचा सध्याचा पत्ता विभागात कोणाला सांगता आला नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचले तर कृपया कळवावा, म्हणजे तो तक्ता पाठवीन. त्यातील दुपारच्या एका बाटलीचे टायट्रेशन मला पटलेले नाही, पण आकडा ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची विद्यार्थिनी,
कोल्हापूर