हिरवळ : ‘रोज पाणी द्या’ हा अर्धाच सल्ला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बागकामाच्या सदरांत हिरवळीचा विषय बहुधा ‘बी टाका आणि रोज पाणी द्या’ एवढ्यावर आटोपतो. पेरणीनंतरच्या तीन-चार आठवड्यांपुरता हा सल्ला बरोबर आहे. पुढेही तोच चालू ठेवला तर गवत नाजूक होते. वरवर शिंपडलेल्या पाण्याची ओल वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच राहते, मुळेही तिथेच घुटमळतात आणि ऐन उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकले की सगळे पिवळे पडते.

पेरणीचा हंगाम गवताच्या जातीवर ठरतो. बर्म्युडा, म्हणजे हरळी, हे उष्ण हवेतले गवत. जमिनीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागले की पेरावे. फेस्क्यू, रायग्रास, ब्लूग्रास ही थंड हवेतली. ती उन्हाळा सरल्यावर, माती अजून कोमट असताना पेरावीत. हीच गवते उन्हाळ्याच्या तोंडावर पेरली तर उगवतात छान, पण मुळे खोल जायच्या आत त्यांना ऊन गाठते आणि सोबत उन्हाळी तणही माजते.

खरी मेहनत पेरणीच्या आधीची. माती १०-१५ सेंमी खणून ढेकळे फोडावीत, खडे वेचावेत, चांगले कुजलेले खत मिसळावे आणि जमीन सपाट करावी. मग लगेच पेरू नये. नुसते पाणी देऊन दोन-तीन आठवडे थांबावे. मातीतले तणाचे बी उगवून वर येते, ते वरच्या वर खुरपून टाकावे. एवढा धीर सहसा कुणाला निघत नाही आणि पुढचे वर्षभर निंदणी करत बसावे लागते. वाफसा, म्हणजे मातीत कामाजोगी बेताची ओल, आला की नाही हे मुठीत कळते : माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि अंगठ्याने टोकरताच फुटावा. चिकटून राहिला तर अजून ओल जास्त आहे. अशा मातीवर चालले तरी ती घट्ट बसते.

बियाणे दर चौरस मीटरला फेस्क्यूचे ३० ते ४० ग्रॅम, ब्लूग्रासचे १० ते १५, टरफल काढलेल्या बर्म्युडाचे ५ ते १०. दाट हवे म्हणून दुप्पट टाकले तर रोपे एकमेकांना खेटतात आणि मर रोग लागून कोलमडतात. बियाण्यात कोरडी वाळू मिसळून निम्मे उभे, निम्मे आडवे फोकावे. दंताळे उलटे धरून हलकेच फिरवावे. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल जायला नको. थोडे वर दिसले तरी बिघडत नाही. शेवटी हलका रोळ फिरवावा, म्हणजे बी मातीला चिकटते.

आता मात्र दिवसातून दोन-तीनदा बारीक फवाऱ्याने पाणी हवेच. रायग्रास आठवड्याभरात दिसते, फेस्क्यूला एक ते दोन आठवडे लागतात, ब्लूग्रासला चारही लागू शकतात. मिश्र बियाण्यात फसगत होते ती इथे. रायग्रासचा हिरवा तजेला पाहून पाणी कमी केले जाते आणि नुकतेच अंकुरलेले ब्लूग्रास मातीतच वाळते.

पहिल्या कापणीनंतर पाण्याची रीत बदलावी. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, एक-दोन पाळ्यांत, सकाळी. पाऊस झाला तर तो यातून वजा. सरळ काठाचे रिकामे डबे गवतावर मांडले की फवारा किती मिलिमीटर देतो ते मोजता येते. लांब स्क्रूड्रायव्हर १५ सेंमीपर्यंत सहज गेला तर ओल पुरेशी खोल पोहोचली. गवतावरून चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, तर पाणी द्यायची पाळी आली असे समजावे.

कापताना एका वेळी उंचीच्या तृतीयांशाहून जास्त काढू नये. फेस्क्यू ७-८ सेंमी ठेवावे, बर्म्युडा ३-४. कापणीनंतर शेंडे पांढुरके, तंतू निघालेले दिसले तर तो रोग नव्हे; कापणीयंत्राचे पाते बोथट झाले आहे. खत वाढीच्या हंगामातच द्यावे. युरिया दर चौरस मीटरला एका वेळी ११ ग्रॅमहून जास्त नको. तो गवताच्या कोरड्या पात्यांवर टाकून लगेच पाणी द्यावे, नाहीतर गवत करपते.

टक्कल पडलेल्या जागी पुन्हा बी टाकण्याआधी आधीचे गवत का मेले ते पाहावे. कडेचे गवत गालिच्यासारखे उचलून आले तर खाली हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, शोधा. स्क्रूड्रायव्हर शिरतच नसेल तर जमीन घट्ट झाली आहे. पोकळ दातांच्या अवजाराने ५-८ सेंमी खोल मातीच्या कांड्या काढाव्या लागतील. जागा झाडाच्या गर्द सावलीत असेल, तर दरवर्षी बियाणे वाया घालवण्यापेक्षा तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे.

आपला,
एक वाचक