पिवळा दिवा पुसू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आई फोनवर म्हणाली, मिस्त्रीने स्कॅनर लावून आपल्या कारच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा पिवळा दिवा घालवला आणि तो परत लागला. बाबांचं म्हणणं, "ब्रेक करकचून लागतोय, सेन्सरच खुळा असणार." असेलही. पण खुळा कोण, ते दिवा पुसून कसं कळणार?

बाबा, एसटीत हवेचा काटा चढल्याशिवाय तुम्ही गाडी डेपोतून हलवत नव्हता. टाकीत हवा कमी म्हणजे बिघाड, सरळ हिशोब. कारमध्ये दाब असा साठवलेला नसतो. पाय पेडलवर नसेल तेव्हा तो शून्यच हवा. पाय पडला की मास्टर सिलिंडर ऑइल रेटतो. रोजच्या ब्रेकला २०-४० बार (बार हे दाबाचं माप), जोरात दाबला तर १०० च्या वर.

हा दाब मोजणारा सेन्सर आपल्या गाडीत एबीएसच्या, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, ठोकळ्यात आहे. आत पोलादाचा पातळ पडदा असतो. ऑइलचा रेटा आला की तो केसाच्या जाडीपेक्षाही कमी वाकतो, त्यावरच्या बारीक पट्ट्या ताणल्या जातात आणि त्यातून जाणारी वीज जराशी बदलते. तेवढ्यावरून कॉम्प्युटर आकडा काढतो. पण नुसत्या आकड्याने भागत नाही, तो पडताळून बघावा लागतो. ब्रेकलाइटचा स्विच सांगतोय पाय आहे, मग दाब का चढत नाही? गळती असेल, नाहीतर लाइनीत हवा. पाय उचललाय, तरी दाब दिसतोय? मग बहुधा सेन्सर, वायर किंवा तो स्विचच. अशा प्रत्येक तक्रारीचा कोड वेगळा असतो, आणि मिस्त्रीने नेमका तोच न वाचता पुसला! माझा राग त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही.

"लागतोय" हेही पुरेसं नाही. ब्रेकच्या लाइनी दोन असतात. एक गळली तरी दुसरी दोन चाकं धरते, फक्त पेडल खोल जातं आणि गाडी लांब जाऊन थांबते. गावातल्या गावात ते चालून जातं. आंबोलीच्या उतारावर चालणार नाही.

सेन्सरला सगळंच कळतं असंही नाही. पॅड झिजले तरी दाब पूर्ण दिसतो. तिथे तुमचा कानच खरा. ऑइलचंही तसंच, ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापून ऑइल उकळलं तर वाफ दबते, पेडल मऊ पडतं. सेन्सर तेव्हा सांगेलही, पण फार उशिरा. आपलं ऑइल कधी बदललं, आई, तुझ्या वहीत असेल तर बघ.

आता दुसरीकडे दाखवा. कोड आधी कागदावर लिहून घ्या, फोटो मला पाठवा, मगच हात लावू द्या. आणि सावंतवाडीच्या लग्नाला एसटीने जा. बाबा, ड्रायव्हरला सूचना देऊ नका.

तुमची,
सुमी