मुलीला पायऱ्या चढता येतात हो

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या इथल्या कॉलेजच्या नव्या रॅम्पची बातमी फोटोसकट वाचली. अभिनंदन. फोटोत फीत रॅम्पला बांधलीय आणि पाहुणे सगळे पायऱ्यांवर उभे आहेत, हे तुमच्या फोटोग्राफरच्या लक्षात आलं नाही का मुद्दाम तसाच काढला? मुद्दाम असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

माझी मुलगी तिथंच एसवायबीएला आहे, तिला अजिबात दिसत नाही. पाय ठणठणीत आहेत. तरी गेटवर कोणी ना कोणी दंड धरून तिला रॅम्पकडेच ओढतं, ती म्हणते अहो मला पायऱ्या चालतात, पण दिव्यांग म्हटलं की रॅम्प एवढंच डोक्यात बसलंय लोकांच्या. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, वाचतो कोण.

तिचं अडतं नोट्सपाशी. सर वहीच्या पानांचे फोटो काढतात, त्याची पीडीएफ करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, फुकट मिळतं, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं, पण फोटो म्हणजे त्याच्या लेखी कोरा कागद. मग रात्री जेवणं झाली की मी चष्मा लावून वाचतो आणि ती टाइप करून घेते. राज्यशास्त्राच्या एका पानावर तर सरांचा अंगठाच आलाय. वर हेडिंग 'समानतेचा हक्क, कलम 14 ते 18' आणि खाली अंगठा.

मागच्या महिन्यात जाऊन सांगितलं तर सर म्हणाले टाइप करून देतो, आणि दिलं पण, माणूस चांगला आहे. पण जुन्या मराठी फॉन्टमध्ये, युनिकोड नाही, म्हणजे आपल्याला सुबक मराठी दिसतं आणि कॉम्प्युटर वाचतो इंग्रजी अक्षरांचा काला. तिनं मला दोन मिनिटं ऐकवलं, मला वाटलं मशीनच बिघडलं. ऑफिसात गेलो तर म्हणे, काका, वेबसाइटवर दिव्यांगांसाठी सोय केलीय की. केलीय. अक्षर मोठं करायचं बटण.

आता तुमचं. तुमचा ई-पेपर म्हणजे पण पानाचा फोटोच, त्यामुळे ही रॅम्पची बातमी तिला मीच वाचून दाखवली. हे पत्र छापलंत तर तेही मलाच वाचावं लागणार, तेव्हा मुद्रितशोधन जरा नीट करा.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये, मुलीला अजून दीड वर्ष तिथंच काढायचंय.)