काकू, शिदोरी रामेश्वरापर्यंत पुरली

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला गेलं की तुम्हाला हमखास गॅसवरचं दूध आठवतं. परवाही तेच झालं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत.

पुणे ते रामेश्वर, साधारण १४५० किलोमीटर, जायला चार दिवस, गाडी चालवायला मी आणि दादा आळीपाळीने. टायर, फास्टॅग, लॉज सगळं बघून झालं होतं. बाबांच्या खाण्याचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्यांना मधुमेह, जेवणाची वेळ टळली की हात थरथरतात आणि बाहेरचं तेलकट पोटात गेलं की दुसरा दिवस आडवा. आईच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, तिला पोळपाटसुद्धा उचलवत नव्हता. माझा बेत होता ब्रेड, जॅम आणि 'वाटेत बघू'. हे जिन्यात ऐकून तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःची परात घेऊन वर आलात. आमची परात लहान आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?

तीन संध्याकाळी तुम्ही आमच्या ओट्यापाशी उभ्या होतात. दशम्यांची कणीक मला आयुष्यभर लक्षात राहील. थोडं ज्वारीचं पीठ, तेलाचं मोहन आणि बाकी सगळं दूध. माझा हात ओला होता म्हणून एक गोळा तुम्ही बाजूला काढलात आणि म्हणालात, "ही आज रात्री जेवायला. पाणी लागलेलं गाडीत बसत नाही." पुऱ्यांची कणीक इतकी घट्ट की माझी बोटं दुखली, आणि लाटून झाल्यावर प्रत्येक पुरीला सुरीने टोचे, फुगू नये म्हणून. फुगलेली पुरी बघायला छान, पण दुसऱ्या दिवशी चामडं होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चटणीतला लसूण आधी तेलात कुरकुरीत करून घ्यायचा, कांदा आणि ओलं खोबरं कशातच नाही. उपम्यासाठी रवा भाजून, त्यात कोरडा कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी. लॉजवर एक वाटी रव्याला दोन वाट्या उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकायचं, की बाबांचा नाश्ता तयार.

आणि मग तो पंचा. सगळं सुती पंच्यावर पसरून, वर पंखा लावून तुम्ही रात्रभर तसंच ठेवायला लावलंत. कोमट असताना डबा बंद केला की आत वाफ धरते, वाफेचं पाणी होतं आणि पाण्याला बुरशी. मी मान डोलावली आणि निघायच्या दिवशी पहाटे चार वाजता उकडलेल्या बटाट्याची भाजी कढईतून थेट डब्यात भरली. तुम्हाला न सांगता. 'एकच दिवस तर टिकायची आहे.' दुपारी धारवाडच्या अलीकडे झाकण उघडलं आणि दादाने चारही काचा खाली केल्या. हे तुम्हाला आजच कळतंय.

तुमच्या डब्यांची मात्र चिठ्ठीबरहुकूम वाटचाल झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तुम्ही लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. 'धपाटे : पहिल्याच दिवशी. उरले तर टाका, पोटात ढकलू नका.' 'दशम्या : तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.' 'पुऱ्या : शेवटी. आधी उघडल्या तर संपतील.'

तिसऱ्या दिवशी होसूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. दोन तास गाड्या जागच्या हलल्या नाहीत. बाबांनी सकाळची गोळी घेतलेली, नाश्त्याला चार तास उलटलेले, आणि एकदम त्यांच्या कपाळावर घाम दिसला. डबे डिकीत, डिकीला चिकटून मागे ट्रक. मी घाबरून दार उघडायला लागले तेवढ्यात आई म्हणाली, "खिशात बघ." निघताना तुम्ही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी ठेवली होती. "डबा कुठेही जाऊ दे, ही अंगावर पाहिजे," म्हणाला होतात, आणि मी मनात हसले होते. थोड्या वेळात थरथर थांबली. मग दादा कसाबसा डिकीपर्यंत पोचला आणि बाबांनी तूप-मेतकूट लावून दोन दशम्या खाल्ल्या. मऊ होत्या, काकू. तिसऱ्या दिवशी.

बाबा आयुष्यभर रेल्वेत. त्यांना देवाइतकाच पांबनचा नवा रेल्वेपूल बघायचा होता, मधला भाग सरळ वर उचलला जाणारा. तो बघून झाला. तुम्ही काशीहून आणलेला गंगेचा गडू रामनाथस्वामींना अभिषेकासाठी दिला. वाटेत दादा रोज विचारायचा, "तहानलेलं गाढव भेटलं तर काय करायचं? नाथांनी तर सगळी कावड रिकामी केली होती." भेटलं नाही. पुऱ्या धनुष्कोडीला उघडल्या. १९६४ च्या वादळाने मोडलेल्या चर्चच्या भिंती मागे आणि समोर समुद्र. वारा इतका की अर्धी चटणी वाळूत गेली. उरलेली आईने मुठीत धरून आम्हाला चिमटीचिमटीने वाटली.

आता खरं सांगते, हे पत्र लिहायचं आणखी एक कारण आहे. तुमचे पाच डबे घासून, त्यात मदुराईची केळ्याची वेफर्स भरून संध्याकाळी खाली पाठवतेय. सहावा, कडीचा, ज्यावर 'सप्रेम भेट, १९७९' कोरलंय, तो मदुराईच्या लॉजवर राहिला. दोनदा फोन केला. आहे म्हणतात, कुरिअर करतो म्हणतात. तुमच्या लग्नातला आहे का हो तो? आई विचारायला धजत नाही, म्हणून मीच विचारतेय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची