नुसती परीक्षा देऊन येऊ नकोस

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "इथे कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही गं. मी तासाला बसले काय, नाही बसले काय." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. फोनवर रेंज जाते आणि मग मला जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले.

तालुक्याच्या कॉलेजात तुझे सर दोन दिवस तू दिसली नाहीस तर बाजारात बाबांना गाठून विचारायचे. पुण्याला तसं होणार नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही. १९४९ साली तुझं हे पुणे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याला अठरा कॉलेजं जोडलेली होती आणि हद्द खानदेशापासून पार कोल्हापूरपर्यंत होती. १९६२ साली कोल्हापूरला, मग १९९० साली जळगावला वेगळं विद्यापीठ झालं. आता पुणे, नगर आणि नाशिक जिल्हेच उरलेत, तरी कॉलेजं शेकड्यांनी आहेत. एवढ्या गर्दीत कुणी आपणहून तुझी चौकशी करायला येईल ही आशा सोडून दे. विचारायला तूच जायचं. मात्र गेलीस की तिथे काय काय मिळतं, ते मला तुला सांगायचंय, कारण मला ते मिळालं नाही.

तुला माहीतच आहे, डी.एड. झाल्या झाल्या मी नोकरीला लागले. बी.ए. आणि एम.ए. दोन्ही बहिःस्थ. शाळा, घर, तुझं आजारपण हे सगळं उरकून रात्री गाईड घेऊन बसायचं, गेल्या वर्षीचे प्रश्न बघायचे, उत्तरं पाठ करायची आणि केंद्रावर जाऊन लिहून यायचं. राज्यघटनेवर मी पानंच्या पानं लिहिली, पण त्यातल्या एका वाक्यावरून कधी कुणाशी वाद घातला नाही. माझं उत्तर बरोबर की चूक हे मार्कांवरून कळायचं, का ते कधीच कळलं नाही. ज्या राज्यशास्त्र विभागाच्या विषयात माझी पदवी आहे, त्याची पायरी मी तुझ्या प्रवेशाच्या दिवशी पहिल्यांदा चढले. तू रांगेत होतीस, तेव्हा मी व्हरांड्यात सरांच्या खोल्यांच्या दारांवरच्या पाट्या वाचत फिरत होते. तुला ती दारं रोज उघडी आहेत, मुक्ता. एखादा मुद्दा कळला नाही तर तास संपल्यावर जा, दार वाजव, "सर, हे मला पटलं नाही" असं म्हण. पहिल्यांदा जीभ अडखळेल, दुसऱ्यांदा कमी अडखळेल.

या विभागाची परंपरा तर बघ. राजेंद्र व्होरा, यशवंत सुमंत, सुहास पळशीकर इथेच शिकवत. तिघांनीही मराठीत भरपूर लिहिलंय, तेव्हा मराठीतून विचार करणारी मुलगी इथे परकी नाही. व्होरांनी मुळशी सत्याग्रहाचा अभ्यास केला. टाटांच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार म्हणून १९२१ साली सुरू झालेला लढा. त्याचे पुढारी सेनापती बापट आपल्या जिल्ह्यातले, पारनेरचे. विद्यापीठाजवळच्या ज्या सेनापती बापट रस्त्यावरून तुझी बस जाते, तो त्यांच्याच नावाचा.

हे मी मुद्दाम लिहितेय. तुमचा एम.ए.चा नवा अभ्यासक्रम चार सत्रांचा, ८८ क्रेडिटचा, आणि त्यात पहिल्या सत्रात संशोधनपद्धती तर दुसऱ्या सत्रात क्षेत्रप्रकल्प किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे. त्या प्रकल्पाचा बहुतेकजण कसाबसा निकाल लावतील, कुठून तरी उतरवून देतील. तू तसं करू नकोस. आपल्या अकोले तालुक्यात निळवंडे धरण आहे. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण आहे. प्रवरेचं पाणी कुणाला मिळालं आणि जमीन कुणाची गेली, हे माझ्या वर्गातल्या पोरांच्या आजी-आजोबांना तोंडपाठ आहे. निळवंडेच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये झालं, तेव्हा घराघरात काय बोलणं चाललं होतं ते तू ऐकलंयस. हे कुठल्याही गाईडात नाही. प्रश्नावली कशी करायची, मुलाखत कशी घ्यायची, ऐकलेलं कागदपत्रांशी कसं ताडून बघायचं, हे मॅडमकडून शिकून घे आणि दिवाळीच्या सुट्टीत गावागावात जाऊन बस. मी येईन तुझ्याबरोबर. त्या बायका तुझ्याशी नाही बोलल्या तरी माझ्याशी बोलतील.

आता इंग्रजीचं. वाचायला दिलेले लेख इंग्रजीत असतात आणि एक पान वाचायला तास लागतो, असं तू म्हणालीस. लागू दे. एकटीनं वाचू नकोस, दोघी-तिघींनी मिळून वाचा. परिच्छेद संपला की आपल्या मराठीत एकमेकींना सांगा. सांगता आलं नाही तर कळलेलं नाही, इतकं सोपं आहे. मी चौथीच्या पोरांना हेच करायला लावते. पेपर मराठीत लिहायची मुभा कुठल्या विषयांना आहे तेही कार्यालयात जाऊन नक्की करून घे, ऐकीव माहितीवर राहू नकोस. पुढे प्राध्यापकीसाठी सेट द्यायचीच आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची ती परीक्षा तुझं विद्यापीठच घेतं.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते, तीही लिहिते. आपल्याकडची किती पोरं एम.ए.ला नाव घालतात ती वसतिगृहासाठी आणि जयकर ग्रंथालयातल्या खुर्चीसाठी. सकाळी जाऊन जागा धरायची, दिवसभर एमपीएससीची पुस्तकं, तासाला दांडी. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरची परिस्थिती असते, वय निघून चाललेलं असतं. तुला परीक्षा द्यायची असेल तर दे, बाबा आणि मी आडवे येणार नाही. पण ही दोन वर्षं त्यात बुडवू नकोस. जयकरमध्ये खालमानेनं एकच पुस्तक वाचत बसायचं नाही, कपाटांमधून हिंडायचं. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं ते ग्रंथालय आहे, तिथे जुनी मासिकं, अहवाल, गॅझेटिअर आहेत. आपल्या जिल्ह्याचं गॅझेटिअर काढून बघ, प्रवरेबद्दल काय लिहिलंय ते मला कळव.

आणि राज्यशास्त्राची म्हणून राज्यशास्त्रातच राहू नकोस. आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, जयंत नारळीकरांनी उभी केलेली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे सर्वांना जाता येतं. माझी सातवीची मुलं त्या दिवशी आणायचा विचार आहे. तू आधी जाऊन चौकशी करून ठेव, काय दाखवतात, मुलांना कुठे बसवायचं, डबे कुठे खायचे. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे एकाच अंगणात आहेत, ते मला पोरांना दाखवायचेत.

त्या मुख्य इमारतीत पूर्वी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात येऊन राहायचा. १८९७ साली तिथली मेजवानी आटोपून निघालेल्या रँडवर चाफेकरांनी गणेशखिंड रस्त्यावरच गोळ्या झाडल्या. त्याच आवारात आता वाड्या-वस्त्यांवरची पोरं शिकतात. माझ्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठ एवढंच छापलंय. २०१४ साली नाव बदललं, तुझ्या प्रमाणपत्रावर सावित्रीबाईंचं नाव असेल. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना शिकवायला गेलेल्या बाईचं नाव माझ्या मुलीच्या पदवीवर असणार, याचा मला किती अभिमान वाटतो ते तुला सांगता येणार नाही.

"कमवा आणि शिका"चा अर्ज भर. त्यात कमीपणा नाही, कर्मवीरांच्या वसतिगृहात राहून काम करत शिकलेल्यांमुळे आपल्या तालुक्यात शाळा आल्या. पण सत्राच्या सुरुवातीलाच कामाचे तास तासिकांच्या आड येत नाहीत ना, ते बघून घे. मेसचं जेवण जात नसेल तर तसं सांग, उपाशी राहून अभ्यास होत नाही. रात्री उशीर झाला तर एकटीनं चालत जायचं नाही, मैत्रिणीबरोबरच.

उत्पन्नाचा दाखला काल तहसीलमधून मिळाला. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागेल, शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नकोस. रविवारी मामा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर मूळ प्रत, दोन झेरॉक्स आणि आजीनं केलेले नाचणीचे लाडू पाठवते. सकाळच्या एसटीनं निघेल, वाकडेवाडीला उतरला की फोन करेल. लावणी उरकली आहे, पाऊस बरा आहे. बाबांचे आशीर्वाद.

तुझी
आई