हशाबचा डिंक वेचणारे हात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सुदानमधील युद्धाच्या बातम्यांत हशाब या झाडालाही जागा मिळावी, म्हणून हे पत्र. शीतपेयांत, औषधी गोळ्यांत आणि शाईत वापरला जाणारा अरबी डिंक मुख्यतः या काटेरी, बुटक्या झाडाचा असतो. पावसाळा सरून पाने गळू लागली की सुदानच्या कोर्दोफान प्रदेशातील शेतकरी फांदीच्या सालीचा चिंचोळा पट्टा सोलतो. त्या जखमेतून पाझरलेला चीक वाळून काही आठवड्यांत त्याचे पिवळसर खडे बनतात आणि ते एकेक करून हाताने वेचले जातात. शेंगवर्गीय असल्याने हे झाड जमिनीला नत्र देते, त्यामुळे काही वर्षे डिंक घेतल्यावर त्याच रानात ज्वारी, बाजरी, तीळ पेरण्याची तिथली जुनी रीत मला फार शहाणपणाची वाटते. (राजस्थानात हेच झाड ‘कुमट’ म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या बियांची भाजी करतात.) १९९७ मध्ये सुदानवर निर्बंध लादल्यानंतरही अमेरिकेने या डिंकाच्या आयातीची वाट मोकळी ठेवली, इतकी त्याची गरज, पण एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यापासून तो वेचणाऱ्यांचीच घरे उठत आहेत. आपल्या वार्तांकनात त्यांची दखल घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर